पुढारीपण हे वतन नव्हे

(अक्कलकोट येथील विहारात वर्षावासाच्या समारोप सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आश्विन पौर्णिमा. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने या विहारात आपण परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करीत आलो. ते आज पूर्ण झाले. समोर बसलेल्या काही कुटुंबांना धम्मदीक्षा घेऊन अद्याप दोन वर्षेही झालेली नाहीत. त्यांच्या उपयोगी पडेल असे काही मी बोलावे, व विषय ‘पुढारी कसा असावा’ हा असावा, असे मंडळाने ठरविले. दुसऱ्याने कसे असावे हे सांगण्यास वकिलाला फारशी तयारी लागत नाही. म्हणून मी विषय किंचित बदलून घेतला आहे. गेली नऊ वर्षे आपण मला या विहाराचा चिटणीस म्हणून ठेवले आणि पुढारी म्हणून मानले. या नऊ वर्षांत माझ्या हातून काय घडले व त्यावरून पुढारीपणासंबंधी माझे स्वतःचे असे कोणते मत बनले, तेवढेच मी आपणांपुढे ठेवणार आहे.

आजचा दिवस त्यास योग्य आहे. वर्षावास संपला की भिक्खूसंघात पवारणेचा विधी होतो. माझ्या वागण्यात कोणास काही दोष दिसला असेल, ऐकू आला असेल, किंवा नुसती शंका आली असेल, तरी त्याने तो मला सांगावा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघापुढे करतो. आणि या विनंतीचा आरंभ सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून होतो. श्रावस्तीच्या पूर्वारामात अशा एका प्रसंगी खुद्द भगवान बुद्धांनी, माझ्या कृतीत अथवा वाणीत तुम्हांस काही निंद्य वाटते काय, असे भिक्खूंना विचारल्याची नोंद पाली ग्रंथांत आहे. ज्याच्या मागून हजारो माणसे चालत होती, त्याने हे विचारले. आपल्या तालुक्यातील कोणत्या पुढाऱ्याने हा प्रश्न कधी विचारला आहे, हे मला सांगा. दूर कशाला, मीही विचारला नव्हता. मला तो न विचारताच सांगितला गेला, आणि त्याचीच हकीकत प्रथम सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या याच समारोप सभेत कार्यक्रम संपत आला असता मागच्या रांगेतून एक भगिनी उभी राहिली. ती आळंदकडून लग्न होऊन इकडे आलेली. मराठी तिला समजते, परंतु मनातले बोलायचे झाले की कन्नड येते. ती एवढेच म्हणाली, “लेक्क एल्ली?” हिशेब कुठे आहे? आपल्या या सीमेवरच्या गावात हे दोन शब्द न समजणारा कोणी नाही. सभा एकदम शांत झाली.

माझ्या अंगाची लाही झाली. मी विहारासाठी कोर्टाची कामे टाकून धावपळ केलेली, स्वतःच्या खिशातून प्रवासखर्च केलेला, आणि वर्षाला शंभर रुपये वर्गणी देणाऱ्या बाईने मला सर्वांदेखत हिशेब विचारावा! मी उत्तर दिले की, आपले मंडळ सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदलेले आहे. ज्यांना हिशेब पाहावयाचा असेल त्यांनी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात रीतसर अर्ज करून पाहावा. उत्तर कायद्याने बरोबर होते. ती भगिनी खाली बसली. कोणी काही बोलले नाही. चहा झाला, लोक घरी गेले.

आता खरी गोष्ट ऐका. त्या दिवशी जमाखर्चाच्या वहीत सात महिन्यांची नोंदच नव्हती. पावत्या माझ्या टेबलाच्या खणात पडल्या होत्या. मी पैसा खाल्ला नव्हता; पण खाल्ला नाही हे दाखविण्यास माझ्यापाशी कागदही नव्हता. त्या रात्री मी वही घेऊन बसलो. पहाटेपर्यंत मेळ लागला. तीनशे चाळीस रुपयांचा लागला नाही. ते मी दुसऱ्या दिवशी भरले. परंतु बंधूंनो, माझ्या मनाला बोचले ते तीनशे चाळीस रुपये नव्हेत. ज्या कायद्याने विश्वस्तावर हिशेब ठेवण्याचे बंधन घातले आहे, त्याच कायद्याचे नाव घेऊन मी हिशेब मागणाऱ्या बाईचे तोंड बंद केले, हे बोचले. पाटलाच्या वाड्यावर आपल्या पूर्वजांना अशीच उत्तरे मिळत होती.

येथे मला माझ्या आजोबांची आठवण होते. ते वतनदार महार. गावकीची पाळी आली की येसकराची काठी हाती घ्यावी, रात्री गस्त घालावी, सरकारी टपाल पोहोचवावे, मेलेले जनावर ओढावे, आणि संध्याकाळी घरोघर भाकरी मागावी. मोबदला म्हणजे हाडकी-हाडोळ्याची थोडी जमीन व बलुते. १८७४ च्या कायद्याने या वतनास बळकटी दिली होती. वतनदार चोवीस तासांचा चाकर. तो हजर नसेल तर त्याच्या घरातील माणसाने हजर व्हावे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक मांडले. ते त्या वेळी मंजूर झाले नाही; ही वतने जाण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. नवल असे की, वतन सोडा असे बाबासाहेब सांगत असताना आमच्यातच अनेकांना ते सोडवत नव्हते. आजोबा व त्यांचे चुलतभाऊ यांचे तर वतनातील हिश्श्यावरून शेवटपर्यंत बोलणे नव्हते. मान नव्हता, पोट भरत नव्हते, तरी ते ‘आपले’ होते.

ज्या रात्री मी वही घेऊन बसलो, त्या रात्री मला असे वाटले की मीही एक वतनच धरून बसलो आहे. वतनाचे लक्षण काय? ते निवडून मिळत नाही, चालत येते. त्यास मुदत नाही. आणि वतनदाराचे तोंड नेहमी वरच्याकडे असते. पाटील व मामलेदार खूश असले म्हणजे झाले, वाड्यातल्या माणसांस तो कशाचाही जाब देत नाही. आता माझ्याकडे पाहा. माझी निवड नऊ वर्षांपूर्वी एकदा झाली. त्यानंतर दर वेळी ‘वकीलसाहेबच राहू द्या’ असे म्हणून टाळ्या वाजल्या. तहसील कचेरीत मला खुर्ची मिळते, म्हणून मी पुढारी. आणि माझा मुलगा कायद्याच्या वर्गात गेला तेव्हा आपल्यापैकीच एका वडीलधाऱ्या गृहस्थाने, “आता पुढची सोय झाली”, असे मला सांगितले. ते प्रेमाने बोलले. परंतु वतन याच प्रेमाने पिढ्यानपिढ्या चालत आले.

मताने मिळणारे पद व वंशाने मिळणारे पद यांतील फरक आपल्या गावास इतरांपेक्षा अधिक कळावयास हवा. १९३७ साली मुंबई इलाख्यात निवडणुका झाल्या, तेव्हा आपल्या सोलापूर जिल्ह्यातून बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे जिवाप्पा ऐदाळे निवडून गेले. पण अक्कलकोट त्या वेळी भोसले राजांचे संस्थान होते, इलाख्याचा भाग नव्हते. सोलापुरात मतपेट्या भरत होत्या, आणि येथून काही कोसांवर राहणाऱ्या आपल्या माणसास त्या निवडणुकीत मत नव्हते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथल्या प्रौढ स्त्री-पुरुषांस मताचा हक्क मिळाला. राजा गेला, वतन गेले. मनातला दरबार मात्र आपण विहारात आणून बसविला, असे मला प्रांजळपणे वाटते.

आपण म्हणाल, बाबासाहेबही पुढारीच होते. त्यांच्या एका शब्दासरशी लाखो लोक उठत होते. त्याला दरबार म्हणावयाचे काय? मुळीच नाही, आणि त्यांच्या पुढारीपणातील हाच भाग आपण सर्वांत कमी वाचतो. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते. पुढील दोन वर्षांतही त्यांना पुन्हा जावे लागले. तरी सत्याग्रह अधूनमधून थांबत, पुन्हा उभा राहत, कित्येक वर्षे चालला. तो भाऊराव गायकवाड, अमृतराव रणखांबे व नाशिकच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी चालविला. पुढे १९३४ साली हा मार्ग आता सोडावा असे बाबासाहेबांचे मत झाले, तेव्हा त्यांनी गायकवाडांना पत्र लिहून त्याची कारणे कळविली. नुसता हुकूम पाठविला असता तरी तो मानला गेला असता. कारणे लिहिण्याचे श्रम त्यांनी घेतले, कारण ज्याला कारण समजले आहे तोच माणूस पुढच्या वेळी स्वतः निर्णय करू शकतो.

येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा झाली. त्यानंतर ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांसमोर जे दीर्घ भाषण केले ते ‘मुक्ती कोन पथे’ या नावाने प्रसिद्ध आहे. नवदीक्षित कुटुंबांनी ते अवश्य वाचावे. धर्मांतर का करावे याची एकेक बाजू, एखाद्या न्यायालयापुढे मांडावी तशी, त्यांनी न शिकलेल्या श्रोत्यांपुढे मांडली. आणि शेवट कशाने केला? महापरिनिर्वाणापूर्वी आनंदाने भगवंतांकडे संघासाठी अखेरची आज्ञा मागितली, त्या प्रसंगाने. भगवंतांनी आनंदास सांगितले की, मी काही राखून ठेवलेले नाही, आचार्याची मूठ माझ्यापाशी नाही. तुम्हीच तुमचे दीप व्हा. गादीवर कोणास बसविले नाही, वारस नेमला नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग दीक्षेच्या वीस वर्षे आधी सांगितला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आधी स्वतः महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली व नंतर आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या.

‘आचार्याची मूठ’ हा शब्द मी तेव्हापासून विसरू शकलो नाही. गुरू शिष्याला सर्व शिकवितो, एक डाव मुठीत ठेवतो. त्या मुठीवर त्याचे गुरुपण टिकते. वकिलाची मूठ कशी असते ते मी आपणांस उघड करून सांगतो.

दीक्षेनंतर आपल्या मुलांच्या जातीच्या दाखल्याविषयी कुटुंबांत फार भीती असते. बौद्ध झालो म्हणून सवलती जातील काय, असे आयाबाया मला विचारतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांस केंद्राच्याही सवलती लागू झाल्या आहेत. भीतीचे कारण नाही. दाखल्यासाठी मुख्य अडचण असते ती १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्याची. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील उतारा, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीचा म्हणजे कोतवाल बुकाचा उतारा, जमिनीचे जुने कागद यांतून तो पुरावा निघतो. कोणता कागद कोणत्या टेबलावर मागावा, एवढेच त्यात ज्ञान आहे. हे मला एका तासात शिकविता आले असते. मी वर्षानुवर्षे शिकविले नाही. प्रत्येक अर्ज मी स्वतः लिहिला, लोकांनी अंगठा अथवा सही केली, आणि ‘वकीलसाहेबांमुळे झाले’ असे म्हणत ते घरी गेले. मी पैसे घेतले नाहीत. मी त्यापेक्षा मोठी गोष्ट घेतली. त्यांना माझी गरज राहील अशी व्यवस्था केली. एकदा बारावीतील एका मुलीने, “काका, तुम्ही लिहिताना मी शेजारी बसू का?” असे विचारले असता मी तिला वेळ नाही म्हणून सांगितले. ती मुलगी आज सभेत आहे. मी तिची क्षमा मागतो.

यात केवळ पुढाऱ्याचाच दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. कारण आपणही निर्दोष सुटू नये. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या सभेत बाबासाहेबांनी थोर पुरुष कोणाला म्हणावे याचा ऊहापोह केला. नुसती बुद्धी पुरत नाही, नुसता प्रामाणिकपणाही पुरत नाही. समाजाची घाण काढण्याचे काम जो अंगावर घेतो तो थोर, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. त्याच भाषणात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले. थोर माणसाविषयी आदर बाळगणे ही एक गोष्ट. आणि त्याच्यामागे विचार न करता आज्ञाधारकपणे चालणे ही दुसरी. पहिलीत आपली बुद्धी शाबूत राहते, दुसरीत ती गहाण पडते. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी दिला. आपले गाव देवदर्शनाला येणाऱ्यांनी बारमाही भरलेले असते. कोणाच्या श्रद्धेला मी बोट लावीत नाही. परंतु पायावर डोके ठेवण्याची सवय ज्याने प्रतिज्ञा घेऊन सोडली, त्याने ती देवळाबाहेर काढून पुढाऱ्याच्या ओसरीवर नेऊन ठेवू नये, इतके मला म्हणावयाचे आहे.

बाबासाहेबांच्या पश्चात काय झाले हे आपण जाणता. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि थोड्याच काळात त्यात फूट पडली. एका बाजूस कर्मवीर दादासाहेब गायकवाड, भूमिहीनांच्या लढ्याचे पुढारी. दुसऱ्या बाजूस बॅ. खोब्रागडे यांच्यासारखे विद्वान काही काळाने, व त्याआधी बी. सी. कांबळे यांचा ‘दुरुस्त’ गट. दोन्हीकडे निष्ठावंत माणसे होती. पण वकील म्हणून मला एका गोष्टीचे शल्य वाटते. रस्त्यावरची चळवळ की कायद्याची भाषा, शिकलेला पुढारी की न शिकलेला, असा वाद त्या काळात वाढविण्यात आला, आणि आम्हां शिकलेल्यांना त्यात आपलीच बाजू श्रेष्ठ वाटली. वास्तविक १९५९ चा व १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह दादासाहेबांनी उभा केला, तेव्हा लाखो गरीब माणसे जमिनीच्या मागणीसाठी तुरुंगात गेली. असे काम आम्हां पदवीधरांपैकी किती जणांच्या हातून झाले? पुढारी कोणत्या वर्गातून आला यापेक्षा त्याच्यामागून किती माणसे स्वतःच्या पायांवर उभी राहिली, हे मी आता पाहू लागलो आहे.

मागील महिन्यात आपल्यापैकी एका ज्येष्ठ उपासकांनी मला अडविले. म्हणाले, “हे सर्व खरे; पण वस्तीवर पाण्याचा तंटा झाला, कोणी आपल्या पोराला मारले, तर कचेरीत दणकून बोलणारा एक माणूस लागतोच. पाच जणांची समिती तेथे काय करील?” त्यांचे म्हणणे मी उडवून लावीत नाही. अत्याचाराचा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात मध्यरात्री मी उभा राहिलो आहे; तेथे धीट माणूस लागतो. पुढेही मी येईन. पण त्यांनी एक गोष्ट विचारात घ्यावी. मी चार दिवस आजारी होतो, त्या आठवड्यात असाच एक प्रकार घडला आणि वस्तीतील वीस माणसे माझ्या दारात बसून राहिली. त्यांच्यात दोन पदवीधर होते. ठाणे माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. ती वीस माणसे स्वतःहून तिकडे गेली नाहीत, कारण मी त्यांना तशी सवय लावली होती.

भगवान बुद्धांचा संघ असा चालत नसे. संविधान सभेतील त्याच भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, ठराव, गणसंख्या, पक्षप्रतोद, मतांची मोजणी, गुप्त मतदान हे सर्व नियम भिक्खूसंघास ठाऊक होते. मत देण्यास शलाका म्हणजे काड्या वापरीत. आपण नवदीक्षित कुटुंबे विहार बांधतो, मूर्ती बसवितो, त्यावर संगमरवर घालतो; संघाची ही बैठक घालण्याची रीत मात्र घेत नाही. ज्या दिवशी एखाद्या ठरावावर माझ्याविरुद्ध मते पडतील त्या दिवशी या विहारात काहीतरी नीट चालले आहे असे मी समजेन. हे बोलणे सोपे आहे. प्रत्यक्षात मला राग येणार, हेही मला ठाऊक आहे. म्हणून मी स्वभावावर विसंबत नाही, नियमावर विसंबतो.

त्यानुसार मी काही गोष्टी ठरविल्या आहेत, त्यांतील काही गेल्या वर्षापासून चालूही केल्या आहेत. कोणाचाही अर्ज मी एकट्याने लिहीत नाही. त्या घरातील शिकणारे मूल शेजारी बसते आणि लेखणी त्याच्या हाती असते. वेळ दुप्पट लागतो, अक्षर वाईट येते, कारकून कपाळाला आठ्या घालतो. चालावयाचे. सभेत मी सर्वांच्या शेवटी बोलतो, कारण मी आधी बोललो की पुढचे सर्वजण ‘साहेब म्हणाले त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करतात. आणि चिटणीसपद तीन वर्षांहून अधिक कोणाकडे राहू नये, असा ठराव मी आज मांडणार आहे. त्याचा पहिला आसामी मीच. माझ्या जागी कोण, हे मी सांगणार नाही. माझ्या मुलाचे नाव कोणी सुचविल्यास मी स्वतः विरुद्ध मत देईन.

निवड झाल्यावर विश्वस्तांतील बदलाची खबर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास द्यावी लागते. तो अर्ज नवा चिटणीस स्वतःच्या हाताने लिहील; चुकला तर पुन्हा लिहील; मी शेजारी बसेन.

जमाखर्चाची वही, पावतीपुस्तके, बँकेचे पासबुक आणि कपाटाची किल्ली मी या टेबलावर ठेवीत आहे. बारा महिन्यांचा हिशेब आता वाचला जाईल. तो मराठीत माझ्या ऐवजी ती बारावीची मुलगी, जी आता पदवीच्या वर्गात आहे, वाचणार आहे. आणि कन्नडात तो समजावून सांगण्याचे, दोन वर्षांपूर्वी ज्या भगिनीने तो मागितला, तिने कबूल केले आहे. वाचन चालू असताना ज्याला जेथे शंका येईल त्याने तेथेच हात वर करून थांबवावे. वाचणाऱ्यांना तशी सूचना दिलेली आहे.

जय भीम.